नबातशेजारची जागा

मे महिन्याच्या शेवटी शहरबानू सारीदाशला परतली, तेव्हा मुरोव घाटातला बर्फ रस्त्याच्या कडेला काळपट होऊन अजून पडलेला होता. सामान फार नव्हतं. दोन गाद्या, चहाचा समोवार, भांड्यांचं एक खोकं आणि वडिलांची हत्यारं: हातोडा, तीन छिन्न्या, ओळंबा. बरोबर मुर्शुदमामा होते, तिच्या आईचे थोरले भाऊ. वय एकोणऐंशी, उंची दाराच्या चौकटीला टेकणारी. नदीकाठी बांधलेल्या नव्या घरांपैकी एकाच्या किल्ल्या दोघांना मिळाल्या. ती एकटी आणि मामाही एकटे, दोघांना घर एकच पुरेसं होतं.

जुनं गाव वर, उतारावर होतं. भिंती कमरेइतक्या उरल्या होत्या आणि खोल्याखोल्यांतून रानगुलाब माजला होता. एकतीस वर्षांपूर्वी आर्मेनियन फौज चढून आली आणि एप्रिलच्या बर्फात सगळं गाव घाट ओलांडून पळालं, त्या वेळी शहरबानू सोळा वर्षांची होती. मग इथं आर्मेनियन कुटुंबं येऊन राहिली. चार वर्षांपूर्वीच्या लढाईनंतर तीही निघून गेली. पहिल्या दिवशी तिनं आपल्या जुन्या घराकडं नुसतं खालूनच बघितलं. तिला जायचं होतं कबरस्तानात.

तिचे वडील, इस्फंदियार गवंडी, खाली बर्द्याच्या सपाटीवर निर्वासितांच्या वस्तीत वारले होते. परमुलखात मेलेल्याला जमिनीकडं अमानत ठेवायची रीत या लोकांनी त्या वर्षांत धरली होती. मुडदा नुसता कफनात न ठेवता शवपेटीत ठेवायचा आणि मुल्लानं जमिनीला सांगायचं, 'हा तुझा नव्हे, इतक्या वर्षांसाठी तुझ्याकडं ठेवलाय.' मुदतीच्या आत न्यायला आलं तर जमीन ज्याचं त्याला परत देते. मुदत उलटली की तो तिचा. बायका दफनाला जात नाहीत. शहरबानू त्या दिवशी घरात बसून होती. भिजून परतलेल्या धाकट्या भावाला, रुफतला, तिनं दारातच विचारलं होतं, "किती वर्षं सांगितलीस?"

"सात," रुफत म्हणाला होता.

ती मुदत या ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला भरत होती.

कबरस्तानाच्या तोंडाशीच लाल फीत ताणलेली होती. सुरुंग काढणाऱ्या तुकडीचा प्रमुख एल्चिन हातात बशी धरून चहा पीत बसला होता. त्याच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती.

"परत जा, ताई. ही टेकडी यंदाच्या यादीत नाही."

"माझी आई आहे तिथं. खालच्या कडेला, अगदी शेवटची."

"सगळ्यांच्याच आया आहेत. माझी नसेल एवढंच."

ती परतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. असं पंधरा दिवस चाललं. ती काही बोलायची नाही, फितीच्या अलीकडं दगडावर बसून मोजे विणायची. शेवटी एल्चिनच वैतागला. "तुम्ही इथं बसता आणि माझी पोरं काम सोडून तुमच्याकडं बघत राहतात," तो म्हणाला. जुलैत त्यानं खालच्या कडेची एक पट्टी तपासून दिली, बैलगाडीच्या रुंदीची. तिला आत नेलं तेही आपल्या पावलावर पाऊल ठेवायला लावून. ती पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, लहान मुलीसारखी त्याच्या बुटांच्या ठशांत पाय टाकत गेली. तरणे जवान हसले. एल्चिननं मागं वळून फक्त बघितलं, तसे गप्प झाले.

आईचा दगड पालथा पडलेला होता. कुणी पाडला की हिवाळ्यानं ढकलला, कुणास ठाऊक. दोघांनी पहार घालून तो उलटा केला. मातीला टेकलेली अक्षरं कालच कोरल्यासारखी ताजी निघाली. नबात. त्याखाली दोन सालं. वडिलांनी स्वतः कोरलेली.

शेजारची जागा वडिलांनी स्वतःसाठी राखली होती. तिथं खड्डा होता.

"हा आर्मेनियनांचा," एल्चिन म्हणाला. "जाताना कुणाला तरी उकरून घेऊन गेले. अशा दोन-तीन जागा बघितल्यात मी. दिवस थोडे होते त्यांच्याकडं, तरी नेलं." आईच्या कबरीपासून वर दोनच पावलांवर लाल फीत होती. फितीपलीकडं मामांचे आईबाप, चुलते, सगळं गाव. "तिकडं पुढच्या वर्षी. नाहीतर त्याच्या पुढच्या."

ऑगस्टात गवत आलं. नदीकाठच्या साफ झालेल्या कुरणात प्रत्येक घराला पट्टा आखून मिळाला. मामा लांब दांड्याच्या पात्याला धार लावून द्यायचे आणि ती कापायची. पहिल्या दोन दिवसांत तिचे तळहात सोलून निघाले. बर्द्याला वाचनालयात बावीस वर्षं पुस्तकांना नंबर घालून घालून ते मऊ झाले होते. मामा सावलीत बसून बघायचे.

"अगं, गवत कापतेस की त्याची समजूत घालतेस?"

"तुम्ही या मग."

"मी आलो असतो. पण तुझ्या बापानं वर जाऊन नबातला सांगितलं तर? मुर्शुदनं माझ्या पोरीच्या हातातलं काम ओढून घेतलं म्हणून. मला आपली भीती वाटते."

चहा प्यायला बसलं की मामांची हीच चेष्टा चालायची. साखरेचा खडा दातात धरून ते म्हणायचे, "माझी जागा फितीच्या आत अडकलीय. तुझ्या बापाची मला देऊन टाक. तो काय, सवय झालीय त्याला सपाटीची."

"ती त्यांनी स्वतः राखलीय, मामा."

"राखायला काय, त्यानं माझी बहीणसुद्धा राखली. मला विचारलं होतं का?"

ती हसायची. मग गवताचे भारे बांधताना पाठ वाकवून मनात दिवस मोजायची.

फोनची रेंज फक्त पुलाच्या या टोकाला मिळे. ती दर शुक्रवारी तिथं जाऊन रुफतला फोन लावायची.

"कागद झाले का?"

"होतायत, ताई. इकडचा एक साहेब रजेवर आहे."

"गेल्या महिन्यातही रजेवर होता."

"दुसरा साहेब. अगं, उकरायला परवानगी लागते, न्यायला लागते, तिकडं ठेवायला लागते. तुला तिकडं राहून काय समजणार?"

"तारीख लक्षात आहे ना?"

पलीकडून तो आधी मामांची तब्येत विचारायचा. मग तो म्हणायचा, "आहे."

सप्टेंबरात तिनं खड्ड्याला हात घातला. आधी माणूस शोधून बघितला. पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर चार-पाच जण पत्ते कुटत बसले होते. ती उभी राहिली. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"उघडी कबर ती," त्यातला एक जण पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. "चार वर्षं आ वासून पडलीय. अशी कबर माणूस मागते. आम्ही नाही उतरत."

"मग मी उतरते."

"बाईनं कबर खणायची? शोभतं का?"

"माझ्या बापाची आहे. तुमच्या नाही खणत."

मागून हसणं आलं, पण तोवर ती पुलावर पोचली होती.

तळाशी चार हिवाळ्यांचा गाळ होता, सडलेली पानं होती, एक मेलेलं साळिंदर होतं. तिनं बादलीनं गाळ उपसला. तिसऱ्या दिवशी फावड्याला काहीतरी खणकन लागलं. शवपेटीची पितळी कडी होती, एका बाजूनं उखडलेली. ओढून काढताना निसटली असणार. तिनं ती ओढ्यावर धुतली, वाळवली, आणि टाकून द्यायला हात होईना म्हणून खिडकीत ठेवली.

संध्याकाळी मामांनी ती उचलून बघितली. उलटी केली, सुलटी केली.

"त्यांच्यात पेटीतच ठेवतात," ते म्हणाले. "म्हणून उचलता आलं. आपण कफनात नुसतं मातीत ठेवतो. एकदा ठेवलं की संपलं." मग जरा थांबून म्हणाले, "बरं झालं, रुफतनं पेटी केली."

"हो," ती म्हणाली.

कडी त्यांनी जागेवर ठेवली, फक्त आधीपेक्षा जरा आत सरकवून.

खड्डा वडिलांच्या मापानं तिनं सारखा केला. ते बुटके होते, रुंद खांद्यांचे. बाजूंना ओळंबा लावून बघितला. मामा काठावर बसून सूचना करायचे. "तिकडची बाजू फुगलीय. तुझा बाप ओरडेल. मेला तरी गवंडीच तो." दिवस मावळायला आला की ती फावडं खड्ड्यावर आडवं टाकून टेकडी उतरायची. रिकामी कबर उघडी सोडायची नाही, निदान हत्यार तरी आडवं ठेवायचं, हे मामांनीच सांगितलं होतं.

मग फरशा. वरून झाकायला सात चपटे दगड लागत होते. ओढ्याच्या पात्रात हिंडून तिनं ते निवडले आणि पाठीवर एकेक घेऊन चढली. उताराच्या मध्यावर थांबून श्वास घ्यायची, तेव्हा छातीतला ठोका कानात ऐकू यायचा. आठवा दगड पिवळा होता. सारीदाश म्हणजे पिवळा दगड, गावाला नाव ज्यामुळं पडलं त्याच जातीचा, त्यांच्या पडक्या घराच्या उंबऱ्यातला. तो उशाला लावायचा. हातोडा तिच्या हाताला जड होता आणि छिन्नी सारखी घसरायची. एक नाव कोरायला तिला अकरा दिवस लागले. 'गवंडी इस्फंदियार.' सालं कोरली नाहीत. ती ओळ वाकडी होईल अशी भीती वाटली. शेवटच्या अक्षराची शेपटी जरा खालीच गेली होती.

शुक्रवारी पुलावर जाऊन ती म्हणाली, "जागा तयार आहे. वरच्या शिखरांवर बर्फ पडलाय. घाट बंद व्हायच्या आत ये."

"येतो, ताई," रुफत म्हणाला.

सतरा ऑक्टोबरला दुपारी तो आला. ती सकाळपासून हलवा परतत होती. पीठ तांबूस होईपर्यंत हलवायचं, म्हणून दंड भरून आले होते. मोटारीचा आवाज आला तशी ती ओल्या हातांनी बाहेर धावली. रुफतची जुनी गाडी होती. मागं पेटी आणणारा ट्रक नव्हता. तिनं रस्त्याच्या वळणाकडं बघितलं, बराच वेळ.

"ट्रक मागून येतोय का?"

"आधी वर जाऊ," रुफत म्हणाला. तो जाडजूड झाला होता, केस गेले होते. मामांनी त्याला छातीशी धरलं, गालावर गाल घासले, पण तो कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता.

"जेवून तरी जा रे."

"नको मामा. आधी वर जाऊ."

वर जाताना तो दोनदा थांबला. दम लागलाय म्हणाला. आईच्या दगडापुढं त्यानं गुडघे टेकले, हात वर केले, तोंडावरून फिरवले. मग उठून खड्ड्याच्या काठाशी गेला. सरळ, गुळगुळीत बाजू. रचून ठेवलेल्या सात फरशा. पिवळा दगड. त्यावरचं नाव त्यानं बोटानं चाचपलं.

"हे तू केलंस?"

"मग कोण करणार?"

तो मटकन त्या फरशांवरच बसला.

"ताई, पेटी नव्हती."

तिला आधी कळलंच नाही. "कुठली पेटी?"

"बाबांना पेटीत नाही ठेवलं. त्या दिवशी पाऊस होता, तुला आठवतंय ना. खड्ड्यात खालून पाणी येत होतं. दोघं जण बादल्यांनी उपसत होते. सगळी माणसं छत्र्या धरून उभी. मुल्ला म्हणाला, अमानत ठेवायचीय की कसं, लवकर सांगा. सगळे माझ्याकडं बघायला लागले." त्यानं तळहात मांड्यांवर पुसले. "मी नाही म्हणालो. ठेवा म्हणालो, नेहमीसारखं."

वाऱ्यानं लाल फीत फडफडत होती.

"तू सात म्हणालास."

"तू दारात उभी होतीस. तुझं तोंड बघितलं आणि आलं तोंडात."

"सातच का?"

"काय ठाऊक! दहा म्हटलं असतं तर तू रडली असतीस. मला काय माहीत, लढाई होईल, गाव परत मिळेल? कुणाला माहीत होतं? मला वाटलं, सात वर्षांत तू विसरशील." मग हळू आवाजात म्हणाला, "नाहीतर मरशील. असंसुद्धा वाटलं मला, ताई. खरं सांगतो."

शहरबानू आईच्या कबरीवरच्या वाळक्या काटक्या उचलत होती. एक उचलली, दुसरी उचलली. सात वर्षं ती दर एकोणीस ऑक्टोबरला एक वर्ष खोडत आली होती. जमिनीला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

"माझ्या तोंडात मार," रुफत म्हणाला. "काहीतरी बोल."

"किती खोल होतं?"

"छातीइतकं."

"पाणी उपसलं होतं सगळं?"

"सगळं नाही. वाळू टाकली खाली. मीच टाकली. मी उतरलो होतो आत, ताई. खांद्याकडून मीच धरलं होतं त्यांना. तोंड मक्केकडं मीच फिरवलं."

"त्या बाजूला काय आहे आता?"

"कापसाचं शेत."

तिनं मान हलवली. हातातल्या काटक्या फितीपाशी नेऊन टाकल्या, फितीच्या पलीकडं नाही, अलीकडंच. मग येऊन पिवळ्या दगडाला हात घातला.

"ऊठ. त्या बाजूनं धर."

"काय करतेस?"

"हा तुझ्या गाडीत जाईल. तिथं नुसती लाकडाची पाटी आहे ना? पाटी काढ, हा लाव. शेपटी खाली गेलीय त्या अक्षराची, ती मातीत दाबू नकोस. दिसू दे."

दोघांनी दगड उचलला. उतारावर तो पुढं आणि ती मागं. दर वीस पावलांवर टेकवावा लागत होता. एकदा त्याची बोटं दगडाखाली सापडली, तो कळवळला, पण ओरडला नाही. तिनं दगड जरा उचलून बोटं सोडवली. अंगणात मामा उभे होते. त्यांनी गाडीत चढणाऱ्या दगडाकडं बघितलं, भाचीकडं बघितलं आणि हलव्याचं ताट आणायला आत गेले.

सकाळी रुफत निघाला. घाटावर ढग बसले होते. मधाचा डबा आणि चीजची गुंडाळी तिनं मागच्या सीटवर ठेवली. तो खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात शोधत होता. तिनं हात दिला. गाडी हलली तशी, प्रवासाला निघालेल्याच्या मागं शिंपडतात तसं, तिनं तांब्यातलं पाणी रस्त्यावर शिंपडलं. पाणी खडीत मुरलं. गाडी वळणाआड गेली तरी ती रिकामा तांब्या घेऊन उभी होती.

"पेटी नव्हती," घरात येऊन ती म्हणाली.

"कळलं मला," मामा म्हणाले. "दगड उतरताना कळलं." त्यांनी समोवाराखाली दोन काटक्या सारल्या. त्या दिवशी त्यांनी एकही चेष्टा केली नाही. साखरेचा खडा चहात तसाच विरघळू दिला.

एकोणीस तारखेला ती नेहमीच्याच वेळी वर गेली. आडवं टाकलेलं फावडं काढलं. उपसलेल्या मातीचा ढीग रात्रीच्या गारठ्यानं वरून कडक झाला होता. ती फोडून पहिलं फावडं तिनं खड्ड्यात टाकलं. मग दुसरं. माती तळावर पडल्याचा आवाज पोकळ आला. तिसरं भरलं तेव्हा मागून काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला. मामा चढून आले होते. सगळं अंग घामानं भिजलेलं, तोंडातून वाफ.

"बुजवतेस?"

"रिकामी ठेवू नये म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच."

ते नबातच्या दगडाला पाठ न दाखवता, आडवे चालत काठाशी आले आणि खाली बसले. बसायला बराच वेळ लागला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नबात चालायला लागली ती माझं बोट धरून," ते म्हणाले. "आई कामावर जायची ना. दिवसभर माझ्याच मागं असायची. ओढ्यावर जायचो तिथं यायची, झाडावर चढलो की खाली उभी राहून रडायची. फार पिडलं तिनं मला." फितीपलीकडच्या, गवतात बुडालेल्या दगडांकडं त्यांनी हनुवटीनं दाखवलं. "तिकडं काही मी पोचत नाही आता. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी... एल्चिनला काय, तो तरुण आहे."

शहरबानूनं भरलेलं फावडं खाली ठेवलं.

इतके दिवस ते हे चेष्टेत मागत होते. आता मागत नव्हते. नुसते बसले होते, गुडघ्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरून.

ती खड्ड्यात उतरली. टाकलेली दोन फावडी माती परत वर फेकली.

"काठी द्या तुमची."

मामांनी काठी दिली. तिनं ती तळाशी आडवी लावली, खूण केली, पुन्हा लावली.

"जागा आखूड आहे ना?" वरून मामांचा आवाज आला. "मला वाटलंच. तुझा बाप बुटका. मला पाय दुमडावे लागतील. आयुष्यभर वरून बघितलं मी त्याच्याकडं, आता त्याच्या मापात कसा मावणार?"

"किती हवी?"

"दोन वीत. तुझ्या नव्हे, माझ्या." त्यांनी आपला मोठा, सुरकुतलेला हात पसरून दाखवला. "आणि घाई करू नकोस. मला काही घाई नाही."

तिनं वर हात करून कुदळ ओढून घेतली आणि पायाच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. बर्फाचे पहिले बारीक कण तिच्या मनगटावर पडून विरत होते.

"माती गोठायच्या आत झालं पाहिजे, मामा," ती म्हणाली, आणि तिनं पहिला घाव घातला.